गुणाजीचं पपनस

८ सप्टेंबर, सोमवार

ऋतुजा ही वही देऊन ऐरोलीला परत गेली. आईने काय खाल्लं, किती खाल्लं, पोटात राहिलं की नाही, ते रोज लिहायचं. मुलगी माझी, पण हुकूम डेपो मॅनेजरसारखे सोडते. रामवाडीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून माझा जन्म नोंदी करण्यात गेला, तेव्हा हीही करीन.

हिच्या आतड्याला सूज आहे. पनवेलच्या डॉक्टरांनी पथ्य दिलंय. कोंडा नको, साल नको, बी नको, तिखट नको, दूध नको, कडधान्य तर अजिबात नको. वालाच्या शेतात वाढलेल्या बाईला वाल बंद. वजन आणखी उतरलं तर दाखल करून शिरेतून अन्न द्यावं लागेल, असंही डॉक्टर म्हणाले. हे तिच्यासमोर बोलायला नको होतं. तेव्हापासून ती ताटाकडे बघते ते परीक्षेच्या पेपराकडे बघावं तसं.

स्वयंपाक मी करतो. आयुष्यात पहिल्यांदा. आज पेज चार चमचे, दुध्या शिजवून गाळलेला दोन चमचे. "चांगलं झालंय," म्हणाली आणि वाटी सरकवली. उरलेलं मी संपवलं, वर माझी बीपीची गोळी घेतली. चांगलं झालं नव्हतं.

११ सप्टेंबर

सकाळी गुणाजी आला. हिच्या माहेरचा, रोह्याच्या अलीकडच्या गावातला, अगदी शेजारच्या घरातला. धाटावला कंपनीत होता, आता रिटायर. बायको मागेच वारली. एरवी लग्नकार्यात दिसतो, आज पिशवीत दोन पपनसं घेऊन समाचाराला आला. दारातूनच ओरडला, "मैने, कशी हायस गो?"

मैना हे हिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी 'शांती' लिहिलं, त्याला चाळीस वर्षं होत आली. या घरात मैना नावाचं कुणी राहत नाही. पण ही उशीला टेकून बसली काय, आणि "ये रे गुणादा, किती वाळलास," म्हणाली काय. माझ्याशी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलणारी ही बाई त्याच्याशी थेट गावच्या बोलीत उतरते. एवढ्या वर्षांत माझ्याशी नाही बोलली तशी.

गुणाजीने न विचारता आमचा आजचा पेपर जमिनीवर पसरला. मी वाचलाही नव्हता. मांडी घालून पपनस सोलायला बसला. आधी जाड साल, मग आतला पांढरा कापूस, मग एकेक फोड घेऊन तिचा पापुद्रा, मग बिया. वाटीत पडले ते नुसते गुलाबी दाणे.

मी म्हटलं, "तिला फळं बंद आहेत."

"साल नाय, बी नाय, निस्तं दानं हायत भावोजी. इचारा तरी."

मी ऋतुजाला फोन लावला, तिने पथ्य सांगणाऱ्या बाईंना विचारलं. पापुद्रा पूर्ण काढला तर छोटी वाटी चालेल, असं उत्तर आलं. मला नको होतं ते उत्तर.

हिने वाटी संपवली. तासभर गावच्या गोष्टी चालल्या होत्या, मी चहा करत होतो. पोटात राहिलं. आनंद झाला, असं इथे लिहायला हवं. नाही झाला.

१४ सप्टेंबर

दुसरं पपनस मी सोललं. गुणाजीला येतं ते मला का येऊ नये? पहिल्या दोन फोडींचा चिखल झाला. तिसऱ्या फोडीपासून हिने पडल्या पडल्या शिकवायला सुरुवात केली. "पाठीकडून नाही, पोटाकडून उघडा. अंगठा आत घाला. हां." सूचना देताना तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जोर आला होता. पाऊण वाटी खाल्ली.

शेवटच्या काही फोडी उरल्या, त्या मी खाल्ल्या. कडसर, पण वाईट नाही.

२० सप्टेंबर

गुणाजी आता रोह्याच्या गाडीतून कंडक्टरच्या हाती पिशवी पाठवतो. कंडक्टरांनी खाजगी पिशव्या आणू नयेत म्हणून मी नोकरीभर भांडलो. आज त्याच स्टँडवर, त्याच खांबाला टेकून, दुसऱ्या पुरुषाने माझ्या बायकोला पाठवलेल्या पिशवीची वाट बघत उभा होतो. गाडी नागोठण्याला अडकून उशिरा आली. जुना कँटीनवाला म्हणाला, "साहेब, पार्सल?" मी म्हटलं, औषध आहे.

दुपारी सोलायला बसलो. पपनस असं फळ आहे की घाई केली की फुकट जातं. सोलता सोलता ही बोलत होती. सालीची टोपी करून डोक्यावर घालायचे म्हणे. पडलेल्या पपनसाने चेंडू खेळायचे, एकदा गुणाजीने लाथ मारली ते थेट विहिरीत. प्रत्येक गोष्टीत गुणाजी आहेच. मी मान खाली घालून बिया काढत राहिलो.

मग मला म्हणाली, "तुम्ही काय खेळायचात?"

मी म्हटलं, मला कुठे वेळ होता. पण मग भोवऱ्याचं सांगितलं. भोवरा तळहातावर घ्यायचो, ते. हिला हे ठाऊकच नव्हतं. "दाखवा कसं ते," म्हणाली, तर मी पपनसाची बी तळहातावर फिरवून दाखवली. हसली. वाटी संपली, वर अर्धी वाटी पेज मागून घेतली.

गुणाजीच्या फळात काय जादू आहे कोण जाणे.

२५ सप्टेंबर

रोज एक पपनस लागतं. ती वाटीभर खाते, बाकीचं मी. ठेवून दिलं तर सुकतं, आणि शेजाऱ्यांना दिलं तर कुठून आलं ते सांगावं लागेल. सकाळी गोळी घेतली की तोंड कडू होतं, त्यावर चार फोडी बऱ्या वाटतात. शत्रूचा माल आपण खाऊन संपवण्यात एक समाधानही आहे. ते कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहिलं.

घोट्यांवर मोज्यांचे वळ उठतात हल्ली. ओट्याशी उभं राहून होत असणार.

२७ सप्टेंबर

पनवेलला गेलो. वजन किंचित वाढलं. डॉक्टर खूश. "काय केलंत?" असं त्यांनी विचारलं, तर ही म्हणते, "पपनस खाते रोज." एवढंच. सोलतं कोण, गाळतं कोण, पेज ढवळतं कोण, एक अक्षर नाही. मी खुर्चीत बसून डॉक्टरांच्या टेबलावरचं प्लास्टिकचं आतडं बघत राहिलो.

संध्याकाळी भाजी घेऊन आलो तर ही फोनवर. हसत होती. मला बघितलं आणि "ठेवते रे," म्हणून फोन ठेवला. "कोण होतं?" विचारलं. "गुणादा. पाठव आणखी म्हटलं." मला सांगितलं असतं तर मी मागवली नसती? पण नाही, तिने स्वतः फोन केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरोखरच तोंड गरम झालं, कानांत ठोके वाजायला लागले. मत्सर अंगात असा भिनतो हे मला माहीत नव्हतं.

१ ऑक्टोबर

आज पिशवी आली. घरी आलो, मागच्या दाराने. हिला सांगितलं, कंडक्टर काही घेऊन आला नाही.

पपनसं पाण्याच्या पिंपामागे ठेवली. दुपारी ही झोपल्यावर मागच्या पडवीत बसून त्यातलं एक अख्खं खाल्लं. साली केळीच्या बुंध्याशी पुरल्या. बासष्ट वर्षांचा माणूस खुरपं घेऊन पपनसाच्या साली पुरतो आहे, हे कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं? पण उठताना वाटलं, झालं. आता तिने माझ्या हातचं खावं. गुणाजीचं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

हिला आपट्याचं पान दिलं. "आज पपनस नाही?" म्हणाली. नाही म्हटलं. पेज दोन चमचे.

मी काही अगदी काळीज नसलेला नाही. बाजारात गेलो. मोठ्या फळवाल्याकडे स्टिकर लावलेलं लालसर फळ मिळालं. ग्रेपफ्रूट. तो म्हणाला, काका, हा पपनसाचाच परदेशातला भाऊ. पापुद्रा काढायचा त्याचाही, फक्त हे लहान आणि रसाळ, पटकन झालं. दहा मिनिटांत वाटी तिच्यापुढे. दोन दाणे तोंडात घातले.

"नको वाटतंय. राहू द्या. तुम्ही बसा ना जरा."

मी म्हटलं, भांडी कोण घासणार? आणि आत गेलो. माझ्या पैशाचं, माझ्या हातचं फळ नको. त्याच्या झाडाचं असतं तर वाटी चाटून पुसून खाल्ली असती.

७ ऑक्टोबर

पेज तीन चमचे. भोपळा एक चमचा. साबुदाण्याची खीर, पाण्यातली, परत आली.

गाडीतून पिशव्या येतच आहेत. मी खातोच आहे. आता सवय झाली, सकाळी एक, दुपारी एक. आज देवापुढे वाकलो तर उठताना डोळ्यांपुढे काळोखी आली, दाराची चौकट धरली. पाय सुजलेत. घरकाम हे असं असतं तर. हिने कधी सांगितलं नाही.

ही दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी आतून विचारतो, काही हवं का? ती नाही म्हणते.

११ ऑक्टोबर

वाढलं होतं त्यापेक्षा जास्त वजन उतरलं. डॉक्टरांनी पुढच्या शनिवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर दाखल. गाडीत ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

घरी आल्यावर मी सरळ पिंपामागून पपनस काढलं. सुरी हातात घेतली. खोटं सांगणार नाही, मी ते सोलणारच होतो. तेवढ्यात बाहेर हिचा फोन वाजला आणि ती क्षीण आवाजात म्हणाली, "बोल गुणादा." मी पपनस परत पिंपामागे ठेवलं.

हे वाचून मला माझीच लाज वाटते. तरी ठेवलं ते ठेवलं.

१५ ऑक्टोबर

दोन दिवस लिहिता आलं नाही. जसं झालं तसं लिहितो.

सोमवारी हिला पेन्शनचं काम आहे असं सांगून रोह्याची गाडी पकडली. गुणाजीला तोंडावर सांगायचं होतं की पिशव्या बंद कर, फोन बंद कर, आमच्या घरात मैना नाही. सकाळी निघताना गोळी घेतली आणि चिडून एक पपनस खाल्लं.

गुणाजीचं अंगण सारवलेलं, कडेला ते झाड. मी समजत होतो एखादं डेरेदार झाड असेल. साधंच निघालं, एका बाजूला कललेलं, काठीचा आधार दिलेला. खाली चारदोन फळं उरलेली. गुणाजी म्हणाला, "बसा भावोजी. मैनेला नाय आनली? बरी हाय ना ती?" आणि मी काही बोलायच्या आत पपनस सोलायला घेतलं. पाहुण्याला तो दुसरं काय देणार? मी खाल्लं. भांडायला आलेल्या माणसाने आधी खाऊन घ्यावं का, हे मला ठरवता येईना.

मग बोलायला म्हणून उठलो. अंगण वर आलं एवढंच आठवतं.

रोह्याच्या दवाखान्यात डोळे उघडले. गुणाजीने रिक्षात घालून आणलं होतं. त्याच्या सदऱ्याला माझ्या कपाळाचं रक्त. बीपी इतकं खाली गेलं होतं की तरुण डॉक्टरीणबाई दोनदा मोजून बघत होत्या. पाय दाबून बघितले, गोळी कुठली ते विचारलं. मग म्हणाल्या, "काका, पपनस खाता का? किंवा ग्रेपफ्रूट?"

माझ्या आधी गुणाजीच म्हणाला, "नाय वो, हे नाय खात. मी पाठवतो ते बहिनीसाठी. तिचं पथ्य हाय."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. सलाईन लागलेल्या माणसाला तोंड फिरवायलाही जागा नसते. मी म्हटलं, मीच खातो. रोज. दोनदोन. सगळी मीच खाल्ली.

त्यांनी समजावून सांगितलं. या जातीची फळं ही गोळी शरीरात मोडू देत नाहीत. एक गोळी घेतली तरी अंगात कितीतरी गोळ्या घेतल्यासारखी साठते. पायाची सूज, चक्कर, तोंड गरम होणं, सगळं त्यातलंच. म्हणाल्या, "तुमच्या मिसेसना त्यांच्या पथ्यात वाटीभर चालतं. तुम्हाला एक फोडसुद्धा नाही." म्हणजे कानांतले ते ठोके गोळीचे होते. मत्सराचे वेगळे असतील.

त्या गेल्यावर गुणाजीने स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाला, "मंग मैना काय खात होती, भावोजी?"

मी सलाईनचे थेंब मोजायला लागलो.

"मला आधीच नवल वाटलं व्हतं. तिला पपनस कंदी आवडत नव्हता. लहानपनी तिच्या वाटनीचा मीच खायचा. तुमच्याकडं आलो तवा झाडाचा म्हनून आनला, आनि तिनं खाल्ला. मंग फोन, आनखी पाठव. मी म्हनलो, आता आवडाय लागला काय गो म्हातारपनी? तर निस्ती हसली."

खाटेवर पडून माझ्या मनात काय आलं असेल? आलं ते हे की, आवडत नाही तरी खाते, म्हणजे त्याच्यासाठीच खाते. इतका मी वाया गेलेला माणूस आहे.

काल गुणाजीने मला घरी आणून सोडलं. त्याने हिला फोनवर कळवलं होतं, रात्री शेजारीण सोबतीला होती. दारातच मी हिला सांगितलं. पिशव्या येत होत्या, मी लपवल्या, मीच खाल्ल्या. गुणाजी चप्पल न काढता उभा होता. हिने ऐकून घेतलं, माझ्या कपाळावरच्या पट्टीकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. गुणाजी चहाही न घेता गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "जपून ऱ्हावा." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज हिने काहीच खाल्लं नाही. शनिवार जवळ आलाय.

१६ ऑक्टोबर

सकाळी पेज ढवळत होतो. मागे बघितलं तर ही स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला धरून उभी. किती दिवसांनी इथवर चालत आली. सरळ पिंपाकडे गेली, वाकली, आणि मागची दोन्ही पपनसं काढून ओट्यावर ठेवली.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"मला नाक नाही का? पंधरा दिवस घरात वास येतोय."

"मग घेतलं का नाहीस?"

"मी एकटीने सोलून खाऊ? मग त्यात काय राहिलं?"

मी पळी हातात धरून उभा. ती बाहेर गेली, खाटेखालून कालचा पेपर काढला आणि जमिनीवर पसरला. मग खाटेवर बसून वाट बघत राहिली. मी गॅस बंद केला. सुरी आणि वाटी घेऊन पेपरापाशी बसलो.

"तुम्हाला खायला बंदी आहे. सोलायला नाही ना?"

नाही म्हटलं. साल काढली, कापूस काढला. पहिली फोड पोटाकडून उघडली. 

"तुला पपनस आवडत नाही, गुणाजी म्हणाला."

"आंबट असतं. वर कडू."

"मग?"

ती माझ्या पायांकडे बघत होती. "सूज उतरली की नाही? रात्री पाय उशीवर ठेवत जा." मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्ही असे जमिनीवर माझ्याजवळ कधी बसलात? नेहमी गाडी सुटायची असल्यासारखे."

पपनस सोलायला किती वेळ लागतो, ते मला आता चांगलं माहीत आहे. ग्रेपफ्रूट दहा मिनिटांत झालं होतं. मी बिया काढत बसलो, मान वर करायचं धाडस होईना. मग मला वाटलं, काहीतरी बोलायला हवं, आणि मी म्हटलं, "मैना."

ती पटकन म्हणाली, "ते नको. ते त्यांचं आहे, माहेरचं. तुम्ही ठेवलंत ते काय वाईट आहे? नाव ठेवलंत आणि हाक एकदाही मारली नाहीत. अगं, ए, ऐकलं का. ताटात लिहिलंत त्याला काय अर्थ?"

मी आठवून बघितलं. खरंच एकदाही नाही.

वाटी भरली. मी हातात घेऊन खाटेपाशी सरकलो.

"शांती," मी म्हटलं.

"काय?"

मला सांगायचं काहीच नव्हतं. तिने तोंड उघडलं, मी दाणे घातले. आंबट म्हणून डोळे मिटले आणि गिळले.